विहीणबाईंना दिलेलं एक उत्तर

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला विचारलंत की वायफो, तुमच्या आईची आई, या चिनी नवीन वर्षाला तुमच्याकडे का आली नाही. मी म्हणाले, बाबाला विचारा. धाकटा म्हणाला, विचारलं, तो काही सांगत नाही. मग मी घाईघाईनं शाळेचं विचारलं आणि विषय दुसरीकडे नेला. बाबा का सांगत नाही ते मला माहीत आहे. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांत मी काय केलं, त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं तुम्हाला वाचता आलं असतं. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा तेवढं लिहिणं मला जड नाही. पण मराठीत लिहिलं की तुमच्या बाबाला ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, आणि त्यानं ते मोठ्यानं वाचावं असं मला वाटतं. म्हणून मराठी.

सुरुवात थोरलीच्या जन्मापासून करते. तेव्हा मी आणि वायफो, दोघी सिंगापूरला तुमच्या घरी सव्वा महिना एकत्र राहिलो. मी शिरूरहून डिंक आणि अळीव नेले होते, तिनं तिच्या गावाहून काळे तीळ आणि सुकं आलं आणलं होतं. तुमच्या आईला दोन्ही खावं लागलं. वायफो माझी विहीण. या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही, पण चिनी भाषेत आहे असं तुमच्या आईनं सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मात्र आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

रोज सकाळी मी खोलीतून बाहेर आले की ती ओट्यापाशी उभी असायची. मला पाहून म्हणायची, “छऽ ल मा?” म्हणजे खाल्लं का, जेवलात का. पहिल्या दिवशी मी अगदी खरं उत्तर दिलं. हातवारे करून सांगितलं की अजून नाही, आधी अंघोळ, मग देवाला हात जोडायचे, मग चहा. तिनं हातातलं काम टाकलं आणि माझ्यासाठी तांदळाची पेज चढवली. तुमची आई बाळाला घेऊन आली आणि हसायला लागली. म्हणाली, “आई, ती विचारत नाहीये. नुसती बोलतेय. तुम्ही ‘छऽ ल’ म्हणायचं. खाल्लं. आणि मग ‘नी न?’ म्हणायचं. तुम्ही?”

“आणि नसेल खाल्लं तर?”

“तरी छऽ ल.”

हे मला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही एकवीस वर्षं काढली. तिथं नळावर बायका एकमेकींना हेच विचारायच्या, झालं का जेवण? घरात पीठ नसलेली बाईसुद्धा सांगायची, झालं की मगाशीच. कुणी दुपारी पिशवी घेऊन निघालं की कुठं निघालात, आणि उत्तर, जरा जाऊन येते. कुठं जाऊन येते ते कुणी सांगत नसे. चिनी माणसंही तसंच विचारतात, छ्यू नार? कुठं चाललात? आणि उत्तर मिळतं, जरा बाहेर. घरी परत येणाऱ्याला दारातच म्हणतात, ह्वेइ लाय ल, आलात का. तो समोर उभा असतो तरी विचारतात. कसं काय चाललंय म्हटलं की लाओ यांग्ज, नेहमीचंच. किंवा हाय शिंग, चाललंय. पाहुणा निघाला की मान चोउ, सावकाश जा. त्यातला च चमचा या शब्दातल्या चसारखा. तो आपल्याला लगेच येतो, इंग्रजांना येत नाही.

मी दोनशे पानी वही केली. मधोमध लाल रेघ, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, देवनागरीत. सव्वा महिन्यात सात पानं भरली. वायफो आपल्या गावी गेल्यावर दर बुधवारी सकाळी नऊला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिच्याकडे तेव्हा साडेअकरा वाजलेले असायचे. दहा मिनिटं आम्ही वहीतलं बोलायचो, मग तिच्या कुंड्या बघायच्या, माझी तुळस बघायची, मान चोउ. तुमचे आजोबा आयुष्यभर मालगाडीचे गार्ड. त्यांचा आवाज यार्डाच्या टोकापर्यंत जाणारा. ते मागून येऊन मोठ्यानं “छऽ ल मा” म्हणायचे आणि ती तोंडावर हात ठेवून हसायची. कधीकधी आमची दूधवाली ओसरीवर बसलेली असायची. तिच्या सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता ते लोक घोड नदीपलीकडे शेती करतात आणि चार म्हशी आहेत. शाळेत शिकवायचे म्हणून ती मला बाई म्हणते. एकदा तिनं विचारलं, “बाई, हाय शिंग म्हंजी काय ओ? आमच्यात तर शिंगं म्हशीलाच हायेत.” आजोबा म्हणाले, “म्हणजे बरं चाललंय.” ती म्हणाली, “मंग तसं म्हणा की. एवढ्या लांबून फोन करायचा आन् शिंगाचं बोलायचं.”

गेल्या जूनमध्ये आजोबांना घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. आम्ही पुण्याला जाऊन तपासण्या केल्या. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती पुढे पसरलेली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. पोटात नळी घालून अन्न देता येईल म्हणाले. आजोबा नको म्हणाले. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, “त्याला अल्सर सांग. पोरीची परीक्षा होऊ दे.”

थोरली, ती तुझी सहावीची मोठी परीक्षा. हे वाचून तुला काही वाटून घ्यायचं कारण नाही. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी होती, आणि परीक्षा असलेल्या घरात गडबड नको हे मी इतकी वर्षं शेकडो पालकांना सांगत आले होते. त्यामुळे मला ते लगेच पटलं. सांगायला नको, याला एक चांगलं दिसणारं कारण मिळालं. तुझ्या परीक्षेचा उपयोग मी तेवढा करून घेतला.

मग रविवारी तुमचा फोन यायचा तेव्हा मी आजोबांसमोर ताट ठेवायला लागले. उष्टं ताट, कडेला भाजीचा ओघळ, अर्धी भाकरी. त्या ताटात मीच जेवलेली असायचे. तुमचा बाबा विचारायचा, “आप्पा, जेवलात?” आजोबा म्हणायचे, “हे काय, आत्ताच.” आणि ताट जरा कॅमेऱ्याकडे सरकवायचे. तुम्ही दोघं हात हलवायचात. फोन बंद झाला की ते भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. मी ताट उचलायचे. असं अकरा-बारा रविवार झालं असेल. मी त्यांना औषधाच्या वेळा लावून दिल्या होत्या, रिपोर्ट फाइलला लावत होते, तारखेप्रमाणे, चिकटपट्टीवर विषय लिहून. घरात सगळं जागच्या जागी होतं.

वायफोला हे ताट फसवू शकलं नाही. ती बुधवारी बघायची. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, त्याचं पोटाचं दुखणं होतं. श्रावणात कधीतरी तिनं आजोबांना छऽ ल मा विचारणं बंद केलं. ते मागून ओरडायचे त्याला ती मान हलवायची, पण उलट विचारायची नाही. मला मात्र विचारत राहिली आणि मी छऽ ल म्हणत राहिले. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं. पण विचारावं कसं, आणि मी सांगावं कसं, हे वहीत नव्हतं.

गणपती गेले. आजोबांना आता पाणीही चमच्यानं द्यावं लागत होतं. त्यानंतरच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी त्यांचे ओठ पुसत होते तेव्हा ते म्हणाले, “आता बोलव त्याला.”

मी म्हटलं, “बोलवते.”

“आजच.”

“हो, आजच.”

मी फोन हातात घेतला, अंगणात गेले, तुमच्या बाबाचा नंबर काढला आणि परत आत आले. असं तीनदा केलं. का, ते मला नीट सांगता आलं पाहिजे. तुझी परीक्षा सुरू व्हायला दोन दिवस होते. ती पुढच्या आठवड्यात गुरुवारी संपणार होती, हे एक. दुसरं असं की आमच्याकडे आजारी माणसाची बायको ही बातमी स्वतः देत नाही. दीर देतो, पुतण्या देतो, शेजारचा देतो. बायकोनं आपल्या तोंडानं ‘ते आता जातील’ म्हणायचं नाही. मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलं, हळदीकुंकवाला बोलवायच्या आधी कुणाचा नवरा वारलाय हे न विचारणारी मी. पण माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. नऊला वायफोचा कॉल आला. ती म्हणाली, “छऽ ल मा?”

मी म्हटलं, “मेइ छऽ.” खाल्लं नाही.

हे उत्तर कुणी देत नाही. तिनं चेहरा पडद्याजवळ आणला. मी आतल्या खोलीकडे हात केला आणि म्हटलं, ते. मेइ छऽ. आणि दोन्ही हातांची बोटं उभी केली, दहा दिवस. मग फोन उचलून आत नेला आणि तिला ते झोपलेले दाखवले. त्यांच्या गळ्याची हाडं दिसत होती. तिनं बराच वेळ पाहिलं. डोळे पुसले, माझ्याकडे बघून दोनदा हळू मान हलवली. आम्ही फोन ठेवला.

मला हलकं वाटलं. मी खाली बसून एक कप चहा घेतला, कितीतरी दिवसांनी गरम. विहीणबाईंना सांगितलं म्हणजे सांगितलं. आमच्याकडे विहिणीच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळच्या आत मुलीकडे आणि तिथून जावयाकडे जाते. माझ्या लग्नात, नणंदेच्या लग्नात, सगळीकडे हेच पाहिलेलं. अवघड गोष्ट विहिणीमार्फतच पोचवायची. ती मान हलवणं म्हणजे मी सांगते, असंच मी धरलं. दुपारी आजोबांनी विचारलं, “निघाला का?” मी म्हटलं, “कळवलंय. रजेचं बघतोय.”

हे मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आपल्या गावाहून, वडगाव रासाईहून, पुतण्या आला, उसाला पाणी द्यायचं सोडून दोन दिवस राहिला. त्यानं विचारलं, “काकू, दादाला कळवलंय ना? का मी लावू फोन?” मी म्हटलं, “कळवलंय. पोरीची परीक्षा आहे, तेवढी झाली की निघेल.” तो म्हणाला, “बरं. आप्पा सारखं इचारत्यात म्हणून म्हटलं.” त्यानं तेव्हा फोन लावला असता तर बाबा शनिवारी इथं असता. पाच तासांचं विमान आणि पुढं गाडी. त्याला मी थांबवलं.

दूधवाली शनिवारी सकाळी दूध घालून तशीच उभी राहिली. आम्ही दूध अर्धा लिटरवर आणलं होतं. “बाई, पोरगा कवा येतोय?”

“येईल आता.”

“आता म्हंजी कवा? तुमी सोता बोललात का त्याच्याशी?”

“निरोप गेलाय.”

“निरोप कशाला? निरोप माघारी आला का काय त्ये तरी बघितलं का? आप्पांनी काल माज्या हाताला धरून इचारलं, पोरगा आला का म्हनून. मला वळखलं न्हाई त्यांनी.”

“तू दूध घालून झालं असेल तर जा,” मी म्हटलं. ती गेली. मी तिच्याशी कधी असं बोलले नव्हते.

रविवारी तुमचा फोन आला. तुम्ही दोघं बाबाच्या मागे बसला होतात, थोरलीच्या हातात कसली तरी कार्डं होती. मी ताट मांडलं नाही. आजोबा आत होते, त्यांना उचलून बसवणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाला, “आप्पा कसे आहेत?”

मी म्हटलं, “तसेच आहेत. झोपलेत.”

तो म्हणाला, “झोपू दे. गुरुवारी हिची परीक्षा संपते. मग निवांत बोलू.”

मी म्हटलं, “हो. गुरुवारनंतरच.”

मला वाटलं, तुमच्या देखत तो बोलू शकत नाही. मला वाटलं, त्याला सगळं माहीत आहे, तिकीट काढलंय, आणि मुलांना कळू नये म्हणून तो असं बोलतोय. त्याचा चेहरा मी निरखून पाहिला आणि त्यात मला काळजी दिसली. काळजी होती ती तुझ्या गणिताच्या पेपरची. मी फोन ठेवून आत गेले आणि आजोबांना सांगितलं, “गुरुवारी निघतोय.” त्यांनी गुरुवार हा शब्द ओठांनी म्हणून पाहिला. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्यानं मोजली. चार.

ते बुधवारी सकाळी आठ वाजता गेले. सोमवारपासून त्यांनी विचारणं बंद केलं होतं. मंगळवारी एकदा म्हणाले, “गाडी लेट आहे.” मी म्हटलं, “येईल.” तेच शेवटचं बोलणं. बुधवारी नऊला टेबलावर वायफोचा कॉल वाजत होता. बायका जमल्या होत्या, कुणीतरी तो बंद केला.

पुतण्यानं तुमच्या बाबाला फोन लावला. इथल्या रीतीप्रमाणे तो म्हणाला, “दादा, आप्पा जरा सिरीयस हायेत, लगेच निघ.” वडील गेले असं परगावच्या मुलाला कुणी सांगत नाही, रस्त्यात त्याचं काही होऊ नये म्हणून. बाबा त्याच दुपारी विमानतळावर पोचला. तिथं रांगेत उभा असताना त्यानं फोन उघडला तर वडगावच्या एका लांबच्या भावाच्या स्टेटसवर आजोबांचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्ही बाजूंना समया. त्याला आपला बाप गेल्याचं तिथं कळलं. आजारी होता हेही, एका परीनं, तिथंच कळलं.

गावी, वडगावला, भीमेकाठी अग्नी पुतण्यानं दिला. थांबायला हवं होतं असं आता वाटतं, पण विमान कधी येईल याची खात्री नव्हती आणि मी कुणाला काही सांगण्याच्या स्थितीत नव्हते. बाबा गुरुवारी सकाळी आला, थेट वडगावला. शुक्रवारी राख सावडायला तोच होता. ती त्यानं उकिडवं बसून सावडली. शिरूरला परत आल्यावर त्यानं कपाटातून माझी फाइल काढली. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, चिकटपट्ट्यांवर माझं अक्षर. बाहेरच्या खोलीत बसून पहिल्या पानापासून वाचली.

“आई, जूनपासून?”

“त्यांनीच सांगितलं होतं, तुला सांगू नको म्हणून.”

“त्यांनी?”

“हो. तिची परीक्षा होती.”

त्यानं ते मानलं. वडिलांची इच्छा म्हणून मानलं. मी जे सांगितलं ते खरं होतं आणि तिथंच थांबले. नंतर मंगळवारी दुपारी ते आता बोलव म्हणाले होते, हे मी सांगितलं नाही. रविवारपर्यंत ते रोज विचारत होते हेही नाही. हे बोलणं पुतण्यानं किंवा दूधवालीनं ऐकलं नव्हतं, त्यांना वाटत होतं की मी कळवलंच असणार आणि बाबाच वेळेत निघाला नाही. गावातले दोघंतिघं तसं त्याच्या पाठीमागे बोललेसुद्धा. तेही मी ऐकलं.

बाबा परत गेल्यावर महिन्याभरानं तुमची आई वायफोशी फोनवर बोलत होती. वायफो रडली आणि म्हणाली, मी त्यांना झोपलेलं पाहिलं होतं, आठ दिवस आधी, ते दहा दिवस जेवले नव्हते. आईनं ते सहज बाबाला सांगितलं. त्या रात्री त्याचा मला फोन आला.

“तिला माहीत होतं, आई. आठ दिवस आधी. आणि एक शब्द बोलली नाही. माझ्या घरात फोन करत होती रोज, मुलांशी बोलत होती, आणि एक शब्द नाही.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “जाऊ दे. म्हातारं माणूस आहे.”

माझ्या हातून या सगळ्यात जे झालं त्यातलं हे वाक्य मला सर्वांत वाईट वाटतं. बाकीचं घाबरून झालं. हे मी थंडपणे म्हटलं. माझी चूक मी तिच्या पदरात टाकली आणि वर तिला माफही केलं. त्यानंतर बाबानं तिच्याशी बोलणं सोडलं. ती दरवर्षी नवीन वर्षाला तुमच्याकडे येते, महिनाभर राहते, धाकट्याला चॉपस्टिकनं शेंगदाणे उचलायला लावते. या वर्षी त्यानं तिचं तिकीट काढलं नाही आणि तुमच्या आईला सांगितलं, नको.

आजोबा गेल्यापासून बुधवारचे कॉल बंद होते. तिनं चारपाच वेळा केले, मी उचलले नाहीत. रविवारी तुम्ही विचारलंत, त्यानंतर सोमवारी मी तिला फोन लावला. वहीचा उपयोग नव्हता. मी फोनवर ते भाषांतराचं यंत्र उघडलं आणि इंग्रजीत एकेक वाक्य सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं ते मुलापर्यंत पोचावं म्हणून. मी स्वतः त्याला सांगितलं नाही. तो तुमच्यावर रागावला आहे आणि मी गप्प बसले. यंत्र एका तरुण बाईच्या आवाजात ते तिला चिनी भाषेत ऐकवत होतं. ती खुर्चीत बसून ऐकत होती, गुडघ्यावर हात, जाड जाकीट घातलेलं. तिच्या घरात थंडी असावी.

मग ती सावकाश बोलली आणि माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. तिला वाटलं होतं की मुलाला मी आधीच सांगितलं आहे आणि तिला त्यानंतर सांगते आहे, जशी नातेवाइकांना शेवटी कल्पना देतात. दुसऱ्याच्या घरातलं मरण त्याच्या मुलाला आपण सांगायचं नसतं, ते त्याच्या आईनं सांगायचं असतं. त्यांच्याकडे असंच आहे. त्यात मुलीच्या मुलीची परीक्षा. म्हणून ती रोज फोन करून तुम्हाला हसवत होती आणि सिंगापूरच्या घरात कुणी काही बोलत नाही हे पाहून म्हणत होती, किती धीराची माणसं आहेत.

मी म्हटलं, मी आता त्याला सांगणार आहे. हे ऐकून ती एकदम पुढे झुकली आणि भराभर बोलली. यंत्राला सगळं पकडता आलं नाही. जे आलं ते असं: सांगू नका. त्याचे वडील गेले. त्याला आई राहू द्या. माझ्यावर रागावला तर चालेल, मी परकी आहे.

मी ते तिच्या देखत दोनदा वाचलं. चार महिने ती हे सोसत होती. मी ते तिला आणखी सोसू दिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, आणि तिचीही तीच इच्छा होती. मी तिला नमस्कार केला, तिनंही केला, आपल्यासारखा हात जोडून. तो तिनं आजोबांना बघून शिकलेला.

हे सगळं एवढंच आहे. मी दोनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं, तारखा पुतण्याला विचारून घेतल्या, म्हणजे तुमच्या बाबाला कुठं शंका राहू नये.

आता हे तुमच्या बाबासाठी. मुलांना वाचून दाखवताना मध्ये काही गाळू नकोस. आप्पांनी तुला बोलावलं होतं. मंगळवारी दुपारी, अडीचच्या सुमारास, शुद्धीत असताना, तुझं नाव घेऊन. तुला बोलावलं नाही ते मी. तुझ्या सासूबाईंनी नाही. आज बुधवार आहे, त्या साडेअकराला घरी असतात. त्यांना फोन लाव, त्यांचं तिकीट काढ, आणि त्या नको म्हणतील तरी काढ. मला फोन केव्हा करायचा, करायचा का, ते तू ठरव. मी विचारणार नाही.